बापानं नेलेली पोर

डोंगरकडा, ४ फेब्रुवारी

मिनाबाई,

अक्षर ओळखलंस ना? मग फाडू नकोस. एवढं वाच आणि मग खुशाल चुलीत घाल. फोन केला तर तू उचलणार नाहीस, आणि चुकून उचललास तर शेजारी याडी असेल, ओट्यावर बा असेल, आणि आई-बापाचा आवाज कानावर पडला की मला रडायचं सोडून दुसरं काही जमणार नाही. म्हणून लिहिते आहे. भागवत केळीचा पिकअप भरायला इथं येतो आणि साखऱ्याकडं जाताना आपल्या तांड्यावरून जातो. त्याला बजावलंय, मिनाच्याच हातात द्यायचं, बानं मागितलं तर गिळून टाकायचं. तो दात काढत बसला. मला हसू आलं नाही.

पाच वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता गरज पडली तेव्हा बहीण आठवली, असं तू म्हणशील. म्हण. मी पळून गेले आणि तुझी ठरलेली सोयरीक मोडली, तू अजून बाच्याच घरात भाकरी थापतेस, हे मला माहीत आहे. त्यावर भांडायला मी पुढं कधीही तयार आहे. आज अंगात तेवढं बळ नाही.

माझी पुजा गेली आहे. म्हणजे तशी नाही गं, देवा, मला तसं लिहायचं नव्हतं. तिचा बाप तिला घेऊन नेपाळला गेला आहे आणि परत आलेला नाही.

तुला आमचं काहीच माहीत नाही, म्हणून सांगते. पुजाला आता चौथं लागलंय. तिच्या पाठीवर रतन आहे, तो अजून अंगावर पितो. उत्तमसिंगची इथं बसस्टँडच्या मागं चायनीजची गाडी आहे. अख्खं गाव त्याला बहादूर म्हणतं आणि तोही ओ देतो. मला त्याचा राग येतो, त्याला येत नाही. गेल्या महिन्यात त्याचे वडील वारल्याचा फोन आला. थोरला मुलगा हाच, क्रियेला बसणं भाग होतं. त्याच्या आईनं निरोप दिला होता की एकदा नातीला डोळ्यांनी बघू दे. मी नको म्हणत होते. तिकडं बर्फ पडतो, पोरीकडं धड स्वेटर नाही. मग हा बाजारातून स्वेटर आणि लाल टोपी घेऊन आला, पुजा ती टोपी घालूनच झोपली, आणि मी हो म्हणून बसले.

तेरावं झालं की निघतो, म्हणाला होता. बॉर्डरवरून फोन आला. पुजा म्हणाली, "आई, इथं सगळे बाबासारखे दिसतात." त्यानंतर काही नाही. इकडचं सिम तिकडं चालत नाही हे ठाऊक होतं, पण दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करीन म्हणाला होता. तेरावं होऊन गेलं. त्याच्या गावाचं नावसुद्धा मला धड सांगता येत नाही. जिल्हा बझांग, तिथून पुढं डोंगरात चालत जायचं, एवढंच. इतकी वर्षं एका ताटात जेवले आणि नीट विचारून ठेवायचं सुचलं नाही.

आमची घरमालकीण नीलांबरीकाकू काल वरणाची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "हे बघ दिपा, असल्या माणसांचा तिकडे एक संसार असतोच. तुला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस बोलले नाही." वाटी ठेवली आणि गेली. वरण गरम होतं. मी ते तसंच टाकून दिलं.

काय करू सांग. शिवी लिहिलीस तरी चालेल.

दिपा

डोंगरकडा, ११ फेब्रुवारी

मिनाबाई,

भागवतला विचारलं, तिनं वाचली का? तर म्हणतो, "वाचली. दोनदा वाचली. मंग म्हशीला पानी दाखवाया गेली." एवढंच. मी त्याला दहा वेळा विचारलं, तोंड कसं होतं? तो म्हणाला, "तोंड तुमच्या घरातल्या समद्याईचं सारखंच, दिपा. रागात हाय का नुसतंच हाय, कळत न्हाई."

पण तू वाचलीस. मग मी लिहीत राहणार.

काल पोलिसात गेले. रतनला कडेवर घेतलं, केस विंचरले, चांगली साडी नेसले, जसं कुणी लग्नालाच निघालंय. हवालदार वयानं मोठा होता, बसायला खुर्चीसुद्धा दिली. मी सांगितलं, माझा माणूस पोरीला घेऊन नेपाळला गेला, फोन लागत नाही. त्यानं विचारलं, "नवरा का?"

मी म्हणाले, तसंच.

"तसंच म्हंजी? लगीन झालं का न्हाई?"

झालं नाही, मिनाबाई. तुला वाटत असेल की पळून गेली म्हणजे देवळात तरी हार घातला असेल. आम्ही पहिल्याच आठवड्यात लग्नाच्या ऑफिसात गेलो होतो. तिथला साहेब म्हणाला, नाव, गाव, पत्ता, सगळी नोटीस महिनाभर भिंतीवर लागेल, कुणाची हरकत असेल तर कळवायची. भिंतीवर माझं नाव आणि पुढं बाचं, बाबूसिंगची मुलगी! महिनाभर! बा दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन आला असता. आम्ही जिन्यावरूनच मागं फिरलो. मग पुजा पोटात राहिली. पोट घेऊन त्या टेबलासमोर उभं राहायची लाज वाटली. दवाखान्यात बाईनं बापाचं नाव विचारलं, तर बाला कुठून तरी पत्ता लागेल या भीतीनं मी म्हणाले, लिहू नका. मग रतन झाला. गळ्यातले काळे मणी मी इथल्या आठवडी बाजारातून माझ्या हातानं घेतलेत. आमचं लगीन काय ते एवढंच.

हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, बाप आपली पोरगी घिऊन आपल्या गावाला गेला, ह्यात गुन्हा काय? अन् तो बाप न्हाई म्हनलीस, तर मंग तू इतके दिस त्याच्याजवळ काहून ऱ्हायलीस? माझ्या डोक्यात शिरू दे आधी." वाईट बोलला नाही गं. त्याचं खरंच डोक्यात शिरत नव्हतं. बाहेर आले तर रतन माझे मणी तोंडात घालून चोखत होता.

घरी पुजाची चप्पल दाराशी आहे. नवे बूट घालून गेली, ही जुनी राहिली. मला ती उचलून आत ठेवायची भीती वाटते. का ते विचारू नकोस.

दिपा

डोंगरकडा, १५ फेब्रुवारी

मिनाबाई,

पोलिसांनी तक्रार घेतली. आधी ते सांगते, म्हणजे तुझा जीव खाली बसेल.

इथं ओमप्रकाश म्हणून एक आहे, ग्रामपंचायतीत उठबस असते, सगळ्यांची कामं करून देतो. तो आपण होऊन आला. म्हणाला, "तू चुकीचं सांगून राहिलीस, दिपा. माझा मानूस म्हनलं की पोलीस म्हनतात घरचं भांडन. तू म्हन, वळखीचा नेपाळी गाडीवाला हाय, लेकराला खाऊ देतो म्हनून घिऊन गेला अन् आलाच न्हाई. मंग बघ कसे पळतेत."

मी म्हणाले, असं कसं म्हणू?

"मंग बस रडत. तिकडं पोरी इकत्यात म्हनं."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. रात्रंदिवस मी तेच ऐकत होते, फक्त कुणी तोंडानं म्हटलं नव्हतं. मी त्याच्या मागोमाग गेले. तो हवालदार त्या दिवशी नव्हता, नव्या साहेबासमोर बसले आणि जसं शिकवलं तसं बोलले. मी एक शब्द बदलला, मिनाबाई. पुजाचा बाबा म्हणायच्या जागी गाडीवाला म्हणाले. बाकी सगळं खरं सांगितलं, टोपीचा रंगसुद्धा. पुजाच्या जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव नव्हतंच, त्यामुळं कुणी उलट विचारलं नाही. आणि काय सांगू, अख्खं ठाणं उभं राहिलं, फोन फिरले, मला पाणी दिलं, पुजाचा फोटो मागून घेतला. एक बाई पोलीस माझा हात धरून बसली. इतक्या दिवसांत कुणी माझा हात धरला नव्हता.

चुकलं का माझं? तुला चूक काढायला फार आवडायचं, तेव्हा सांग. पण मला आता पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटते आहे. आधी पुजाची वाटायची. आता वाटतं, तो खरंच परत आला तर?

त्याला मी ओळखते गं. तो कांदा चिरताना पुजाला लांब बसवतो, तिच्या डोळ्यांना झोंबेल म्हणून. असा माणूस पोरगी विकेल का? दिवसा मला वाटतं, नाही. मग नीलांबरीकाकू दिसते आणि वाटतं, इतक्या जणांना काही तरी कळत असेल ना.

दिपा

डोंगरकडा, २१ फेब्रुवारी

मिनाबाई,

पुजा सापडली. तो तिला घेऊन येतच होता.

दिल्लीहून येणाऱ्या गाडीतून उतरला तेव्हा फोटो बघून रेल्वे पोलिसांनी धरला. म्हणजे कुणी शोधून आणली नाही. मी तोंड बंद ठेवलं असतं तर तो त्या संध्याकाळी पोरीला खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला असता.

ओमप्रकाशनं मला फोनवर बातमी दाखवली. 'वेश बदलून मुलीला नेणारा जेरबंद.' वेश बदलून! डोक्याचा गोटा केलेला, भुवयासुद्धा काढलेल्या, अंगावर पांढरे कपडे. त्यांच्यात बाप मेला की मुलगा केस काढतो आणि वर्षभर पांढरं घालतो. क्रियेला बसला की वेगळं बसायचं, कुणाला शिवायचं नाही, फोनलासुद्धा हात लावायचा नाही. ते सगळं तो पाळत होता. इकडं मला त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि पोलिसांना वाटलं, ओळखू येऊ नये म्हणून टक्कल केलं.

पुजाला हिंगोलीच्या बालगृहात ठेवलं आहे. मी धावत गेले, तर म्हणाले, बालकल्याण समितीपुढं सुनावणी होईल, ती सांगेल तेव्हा न्यायची. दारातून लांबून दाखवली. दुसऱ्या पोरींच्या रांगेत बसून भात खात होती. डोक्यावर टोपी नव्हती. मी हाक मारली. तिनं बघितलं आणि आधी जवळच्या मावशीच्या तोंडाकडं बघितलं, उठू का म्हणून. माझ्या पोरीनं कधी कुणाला विचारून माझ्याकडं यायचं नसतं, मिनाबाई.

नंतर पोलिसांत गेले. त्याला भेटू दिलं, ती हात धरून बसलेली बाई होती म्हणून. भुवया नसलेलं तोंड मला क्षणभर ओळखूच आलं नाही. मला वाटलं, आता थुंकेल. त्यानं आधी विचारलं, "रतन ठीक हाय ना?" मग म्हणाला, पुजाला तिकडं ताप भरला होता, डोंगर उतरवायची हिंमत झाली नाही, अंग गार पडेपर्यंत थांबलो. खाली यायला माणूस मिळाला नाही म्हणून निरोप राहिला. हे सगळं तो मलाच समजावून सांगत होता, जशी चूक त्याचीच. मी तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "तू डर गई थी. मला समजलं. पण पुजा किती ओरडली गं स्टेशनवर. माझा पाय सोडत नव्हती."

मी त्याला सॉरीसुद्धा म्हणाले नाही. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. रतनला भूक लागली होती आणि मला दूध येईना.

दिपा

डोंगरकडा, २४ फेब्रुवारी

मिनाबाई,

गुरुवारी सुनावणी आहे. हे पत्र मात्र चुलीत घालू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मी साहेबाकडं गेले होते, खरं सांगायला. अर्धं वाक्य बोलले असेन, ओमप्रकाशनं मला बाहेर ओढलं. म्हणाला, "येडी झालीस का? आता पलटलीस तर खोट्या तक्रारीची केस तुझ्यावर. तो आत, तू आत. मंग हे कडेवरचं कुठं जाईन? त्याच बालगृहात, बहिनीजवळ!" आणि मग हळूच म्हणाला, जे सांगितलंय तेच गुरुवारी सांग, पोरगी त्याच दिवशी तुझ्या हातात. बहादूरचं बघू नंतर, त्याच्यामागं कोण रडायला आहे इथं?

तो खरंच बोलतोय, हीच भीती आहे. खोटं बोलले तर पुजा गुरुवारी घरी, आणि तिचा बाप पोरी पळवणारा म्हणून कुठल्या तुरुंगात किती वर्षं, कुणास ठाऊक. खरं बोलले तर पुजा तिथंच, कदाचित रतनही. रोज मी एक ठरवते आणि भाजी चिरेपर्यंत दुसरं ठरतं. काल वाटलं, पुजा लहान आहे, विसरेल त्याला. मग आठवलं, ती तीन वर्षांची आहे आणि अजून तिला झोप लागायला त्याचं बोट लागतं. कुठं विसरतात लेकरं?

म्हणून तुला मागते. माझं ऐकून कुणी विश्वास ठेवणार नाही, मी एकदा बदललेली बाई आहे. पण आपल्या घरातलं कुणी आलं आणि म्हणालं, ही आमची पोर आहे, हा माणूस आम्हाला माहीत आहे, तर फरक पडेल, असं बालगृहातली पुनम म्हणाली. ती तिथं लेकरांशी बोलायचं काम करते, चांगली आहे. उत्तमसिंग एकदा तांड्यावर आला होता ना, मला मागायला. बानं हाकलून दिलं, पण तुम्ही सगळ्यांनी त्याला पाहिलंय. तू ये. नाहीतर हे याडीला वाचून दाखव. बाला नको. नाही, दाखव. मला आता कळत नाही कुणाला घाबरायचं ते.

माझ्याबद्दल राग आहे तो ठेव. रागातच ये.

दिपा

हिंगोली, गुरुवार

मिनाबाई,

हे समितीच्या ऑफिसबाहेर चहाच्या टपरीवर बसून लिहिते आहे. भागवत गाडी चालू करायची घाई करतोय, म्हणून अक्षर असं. हे तुला याडी देईल. तिच्याबरोबर आणखी कोण येतंय ते तुला दिसेलच, पण ती दारात पोचली की आधी हे वाच.

तू याडीला वाचून दाखवलंस. मला ठाऊक आहे, कारण दुसरं कोण दाखवणार.

सकाळी मी आत गेले तेव्हा बाहेर कुणीच नव्हतं. वाटलं, कुणी आलं नाही. खरं सांगते, मी तेव्हा खोटंच बोलायचं ठरवलं होतं. रतनला घट्ट धरलं आणि मनात म्हटलं, आधी माझी दोन्ही लेकरं माझ्याजवळ. टेबलामागं तिघं-चौघं होते, मधल्या मॅडम माझ्याशी नीट बोलल्या. मग पुनम पुजाला घेऊन आली. तेल लावून वेण्या घातलेल्या. मॅडमनी तिला गोड आवाजात विचारलं, "बाळ, तू कुणाबरोबर गावाला गेली होतीस? बाबाबरोबर का?"

पुजा म्हणाली, "तो माझा बाबा नाही. तो नेपाळी गाडीवाला आहे."

माझेच शब्द गं. ते तिच्यापर्यंत कसे पोचले, कुणी तिच्यासमोर वाचले की पोरी आपसात बोलल्या, मला माहीत नाही. पण तिनं ते पाठ म्हटल्यासारखं म्हटलं, आणि मग माझ्याकडं बघितलं, बरोबर म्हटलं ना, आता घरी न्यायचं ना, असं. मॅडम खाली मान घालून लिहायला लागल्या. मला फक्त गप्प बसायचं होतं. एवढंच केलं असतं तर पोरगी माझी होती.

मी ओरडले. म्हणाले, लिहू नका, तो तिचा बाबा आहे, ती खोटं बोलतेय, खोटं मी बोलले, ती माझं ऐकून बोलतेय. पुजा घाबरून पुनमच्या मागं लपली. रतन रडायला लागला. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्यांचा आवाज बदलला. त्या जे म्हणाल्या ते बरोबरच होतं. तुम्ही एकदा एक सांगता, एकदा दुसरं, लेकरू कशाच्या जोरावर तुमच्या हाती द्यायचं? पोलीस तुमचा जबाब पुन्हा घेतील, तुमच्यावर काय करायचं ते ठरवतील, त्या माणसाचं कोर्ट बघेल, रक्ताची तपासणी होईल. तोवर मुलगी तुम्हालाही नाही आणि त्यालाही नाही. घरचं जबाबदार कुणी आहे का?

मी नाही म्हणणार होते. शिपाई म्हणाला, बाहेर एक तांड्याची म्हातारी मघापासून येऊन बसली आहे, कुणाची ते सांगत नाही.

याडी आत आली आणि तिनं इकडं तिकडं बघितलंच नाही. माझ्या गळ्यात हात टाकला आणि आपल्या बाया भेटल्यावर सूर धरून रडतात तशी रडायला लागली, त्या ऑफिसात, पंख्याखाली. नाव घेऊन घेऊन. माझं नाव, पुजाचं, रतनचं. नावं तिला कुठून माहीत, पत्रातूनच ना? टेबलामागची माणसं उभी राहिली, एकानं पाणी आणलं, कुणी वारलं का म्हणून विचारलं. मला पाच वर्षांचं रडू आलं, पण मी रडले नाही, मला भीती होती की आता आम्हाला बाहेर काढतील.

मॅडमनी फोटो पुढं केला. याडीला विचारलं, हा माणूस कोण?

याडीनं पदरानं डोळे पुसले, फोटो दूर धरून बघितला आणि म्हणाली, "ह्यो आमच्या दारात यिऊन पोरगी मागून गेला व्हता. आमीच न्हाई म्हनलो. मला त्यो पटला न्हाई, बाई. आजून पटत न्हाई. पर लेकराचा बाप हाय त्यो. बापानं पोर नेली तर तिला चोरी कसं म्हनता?"

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. मग बरंच काही लिहिलं, याडीचा अंगठा घेतला. तपास होईपर्यंत पुजा आजीजवळ राहील, पुनम अधूनमधून येऊन बघून जाईल. मी ठरलेल्या दिवशी, कुणासमोर, भेटू शकते. रतन माझ्याजवळ. उद्या मला जबाबाला जायचं आहे. काय होईल माहीत नाही. पण आता बोलायचं काय ते तरी ठरलेलं आहे.

म्हणजे मिनाबाई, माझी पोर आज तुझ्याकडं येते आहे. ज्या घरात मला पाय ठेवता येत नाही त्या घरात.

तिला आपली गोरमाटी बोली येत नाही, तेव्हा कुणी हसलं तर हसू देऊ नकोस. भात खाते, भाकरी दुधात कुस्करून दे. ताप आला की गप्प होते, रडत नाही, त्यामुळं रोज कपाळाला हात लाव. खाकी कपडे दिसले की खाटेखाली जाते, असं पुनम म्हणाली. ओढून काढू नकोस, तूही खाली बस. झोपताना बोट मागेल. तुझं दे.

बा काय म्हणेल ते मला माहीत नाही. याडी म्हणते, "तुझ्या बाला मी बघते, तू गप ऱ्हा." ती असं म्हणाली की बा खरंच गप्प बसतो, की आपण लहान होतो म्हणून तसं वाटायचं?

आणि एक काम आहे, जे फक्त तू करू शकतेस. मघाशी पायऱ्यांवर मी पुजाला जवळ घेतलं आणि सांगितलं, बाबा तुझाच आहे, आई चुकीचं बोलली होती. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "हळू बोल, नाहीतर परत नेतील." माझं तिला आता खरं वाटत नाही. मी दोन्ही बोलून बसले आहे. तू बोल. तुला उत्तमसिंगचा राग आहे, त्याच्यापायी तुझं काय गेलं ते मी जाणते, आणि म्हणूनच तुझ्या तोंडचं तिला पटेल. आवडत नसलं तरी खरं ते खरं, एवढं लेकरांना कळतं. रोज सांग तिला, तो तुझा बाबा आहे. दोन वाक्यं नकोत, एवढं एकच. घरात कानात सांगू नकोस, मिनाबाई. अंगणात सांग, मोठ्यानं सांग, बाला ऐकू गेलं तरी चालेल.

दिपा